अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक

मी अमरावतीला ज्या तंत्रनिकेतनात शिकलो, तिथे थोरल्याची पुस्तकं धाकट्याला मिळावीत तसा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक हा आकडा मागच्या वर्गाकडून पुढच्या वर्गाला मिळत असे. पहिल्या वर्षाला मेकॅनिक्सचा एक प्रयोग होता. लाकडी चौकटीला वर पक्क्या बसवलेल्या दोन कप्प्या, खाली दोन कप्प्यांचा एक हलता ठोकळा, आणि या चारांतून ओवलेली एक दोरी. ठोकळ्याला वजन टांगायचं, दोरीच्या मोकळ्या टोकाला पारडं बांधायचं, आणि पारड्यात किती वजन टाकलं म्हणजे पलीकडचं वजन सावकाश वर चढतं ते पाहायचं. मग दोन ओळींचं गणित. यंत्राकडून मिळालेलं काम भागिले यंत्राला दिलेलं काम, गुणिले शंभर. ही त्या यंत्राची कार्यक्षमता. ती अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक टक्का येत असे. म्हणजे जर्नलात येत असे. आम्ही प्रवेश घेतला त्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या मुलांनी सगळ्या प्रयोगांची जुनी जर्नलं आमच्या हवाली केली होती, आणि त्यांना ती त्यांच्या वरच्यांनी दिली होती. मधल्या काळात ती दोरी कुणी ओढली होती का, हा प्रश्न कुणाला पडत नसे. देवळात गेल्यावर मूर्ती कुणी घडवली असं कोण विचारतं?

मी ती ओढली, यात माझा मोठेपणा काही नाही. माझ्या वाट्याचं जुनं जर्नल एक मित्र दिवाळीला गावी घेऊन गेला आणि तिथेच विसरून आला, एवढंच कारण. त्याआधीचे चार प्रयोग मीसुद्धा निमूटपणे उतरवून काढले होते आणि माझ्या अक्षराचं कौतुकही झालं होतं. त्या मित्रानं जर्नल आठवणीनं परत आणलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती, आणि कदाचित मी अधिक सुखी माणूस झालो असतो.

आमचं घर अकोल्याच्या कडेला, मोर्णेच्या काठच्या मळ्यात. वांगी, मेथी, पालक, सांबार आणि बांधाच्या कडेनं शेवंती, झेंडू. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याकडच्या माणसानं ते पहिल्यांदा ऐकलं की तो वाटी शोधू लागतो. घराचे आवाज ठरलेले होते. तांबडं फुटायला विहिरीवरच्या कप्पीची करकर, मग हौदात सांबाराच्या जुड्या बुचकळल्याचा सपसप आवाज, मग बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर ओलं पोतं आदळल्याचा. शेताच्या पाण्याला इंजिन होतं, पण पिण्याचं आणि भाजी धुण्याचं पाणी आई हातानंच शेंदायची. कारण इंजिन सुरू करायला बाबा लागत आणि बाबा सुरू व्हायला चहा लागे. दुपारी ज्वारीची भाकर, वांग्याचा रस्सा, खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. बाबा बाजारातून लवकर परतले तर रविवारी गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोल रोडगे. त्या रोडग्यांचं वरचं कवच फोडताना जो आवाज होतो त्यासाठी मी आजही अकोल्याला जायला तयार असतो; पण आता रोडगे गॅसच्या ओव्हनमध्ये होतात आणि त्यांचा आवाज बिस्किटासारखा येतो.

दहावीनंतर मला अमरावतीला पाठवायचं की नाही यावर घरात फार चर्चा झाली नाही. आमच्याकडे चर्चा म्हणजे बाबा जुड्या बांधत असताना जे बोलतील ते. एक दिवस मेथीच्या जुडीला गाठ मारता मारता ते म्हणाले, "एक वर्स जाय. एकदाच्यानं पास झाला त पुढं शिक. वर्स गेलं त मळ्यात ये. मले आता एकट्यानं होत नाई." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तर त्यात बदल होण्याची आशा नव्हती. मळा मला आवडायचा, पण पाहुण्याला आवडतो तसा. शिवाय अमरावतीला गेल्यावर कळलं की वर्ष जायला नापास व्हावं लागतंच असं नाही. मेकॅनिक्सच्या सहाही प्रयोगांवर सरांच्या सह्या नसतील तर परीक्षेलाच बसू देत नसत. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य सहा सह्यांवर टांगलेलं होतं. त्यातल्या चार मिळाल्या होत्या.

खोली राजापेठेत होती. आज राजापेठेत दुचाकी उभी करायला जागा नाही आणि दर दोन खांबांमागे एका क्लासचा फलक आहे. फलकावर ओळीनं मुलांचे चेहरे, प्रत्येकाच्या खाली टक्के, सगळ्यात वर त्या मुलांपेक्षा चौपट मोठा संचालकांचा चेहरा. मी तिथून जाताना प्रत्येक टक्केवारीकडे पाहून मनातल्या मनात विचारतो, दोरी कुणी ओढली होती? तेव्हा फलक नव्हते. एक लाकडी जिना होता, त्यावर माझी खोली, आणि खाली घरमालक नागोराव. नागोराव मूळचे रिद्धपूरचे, महानुभाव पंथाचे. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर पोथ्या उतरवल्या होत्या. स्वतः नागोराव पेठेत सुतळी आणि दोरखंडाचं दुकान चालवायचे, आणि मी कप्प्यांबद्दल बोलू लागलो की त्यांचा पहिला प्रश्न दोरी कशाची आहे हा असायचा.

तर त्या दुपारी मी एकटाच प्रयोगशाळेत होतो. ठोकळ्याला दहा किलोचं वजन टांगलं. पारड्यात एक किलो टाकलं, दोन टाकले, तीन टाकले. काही हललं नाही. मला ओझरतं आठवत होतं की जुन्या जर्नलात तीन पूर्णांक दोन किलोला वजन चढतं. तीन पूर्णांक दोन टाकले. वजन तसंच लटकून होतं. चार टाकले, साडेचार टाकले. पारड्यासकट पाच किलो झाले तेव्हा ते नाखुशीनं वर निघालं. वजन पंचवीस सेंटिमीटर चढेपर्यंत पारडं एक मीटर खाली आलं होतं. हिशेब सोपा होता. मिळालेलं काम, दहा गुणिले पंचवीस, अडीचशे. दिलेलं काम, पाच गुणिले शंभर, पाचशे. पन्नास टक्के. मी जेवढी मेहनत घातली त्यातली निम्मी त्या चौकटीनं मध्येच खाऊन टाकली होती आणि ढेकरही दिला नव्हता.

मी ते वाचन स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि ठोसर सरांकडे नेलं. सर आम्हाला मेकॅनिक्स शिकवत. त्यांनी पान उलटलं, पन्नास पाहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुझा हात चुकतो, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. पन्नास. तिसऱ्यांदा केलं तेव्हा वजनं दुसऱ्या पेटीतली घेतली, पारडं वेगळं तोललं. पन्नास. सर म्हणाले, मुलं घाई करतात. मी म्हणालो, सर, मी तीन दुपारी हेच करतोय. ते म्हणाले, म्हणजे तीनदा घाई केलीस.

आता वय झाल्यावर मला ठोसर सरांचा राग येत नाही, पण तेव्हा आलेला राग मी परतही घेत नाही. ते वाईट नव्हते. तीन विषय शिकवत, मदतीला कुणी नव्हतं, आणि माझ्या वर्गातली पस्तीस जर्नलं त्यांच्या टेबलावर उभी होती. त्यांनी मला एकदा खरं ते सांगून टाकलं. म्हणाले, "मधुकर, तुझं पन्नास बरोबर धरलं, तर बाकीच्या चौतीस जणांचं चूक धरावं लागेल. त्यांना पुन्हा करायला लावायला माझ्याकडे ना दिवस आहेत, ना यंत्र." हे वाक्य मी पुढे पाटबंधारे खात्यात नोकरी करताना वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की मला वाटतं ते नोकरीच्या नेमणूकपत्राबरोबरच देत असावेत.

उत्तर सापडलं ते गुलाबरावांकडे. गुलाबराव म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, अंजनगाव सुर्जीचे, बोलणं कमी आणि विडी जास्त. माझी तिसरी दुपार चालू असताना ते खिडकीजवळून पाहत होते. मी दोरी सोडली तसे ते जवळ आले आणि ठोकळ्यातल्या एका कप्पीवर बोट ठेवून म्हणाले, फिरून राहिली का पाय, म्हणजे फिरतेय का बघ. मी दोरी हळू ओढली. दोरी सरकत होती आणि कप्पी स्तब्ध होती. दुसरीही तशीच. चारपैकी दोन चाकं फिरतच नव्हती. दोरी त्यांच्यावरून नुसती घासत होती. मी वाकून पाहिलं. चाक आणि त्याचा आस यांच्यामधल्या फटीत हिरवा रंग भरून वाळून दगड झाला होता.

गुलाबरावांनी जे सांगितलं त्यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही. आमच्या आधी दोन-तीन वर्षं तपासणी समिती येणार होती. वरून हुकूम आला, यंत्रं नवी दिसली पाहिजेत. दोन रंगारी बोलावले, हिरवा ऑइल पेंट आणला, आणि तीन दिवसांत प्रयोगशाळेतली हलणारी, न हलणारी प्रत्येक गोष्ट हिरवी झाली. पट्टी हिरवी, लोलक हिरवा, वजनांची पेटी हिरवी. समिती आली. हार झाले, नारळ झाला, प्राचार्यांचं स्वागतपर भाषण झालं, समितीच्या अध्यक्षांनी प्रत्येक यंत्रापुढे क्षणभर थांबून मान हलवली आणि शेरा लिहिला, यंत्रसामग्री सुस्थितीत. एकाही यंत्राला कुणी हात लावला नाही, त्याचं कारण सरळ होतं: रंग ओला होता.

"मी म्हटलं व्हतं सायबाले," गुलाबराव म्हणाले, "आसाले रंग नोका मारू. त म्हने, मारायचा त पुरा मारा, अर्धा कायले?"

म्हणजे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक हा आकडा खोटा नव्हता. कधीकाळी कुणीतरी, बहुतेक या यंत्राच्या पहिल्याच वर्षी, खरोखर दोरी ओढून तो काढला होता. यंत्र बदललं, आकडा बदलला नाही. माझ्या डोक्यात हे कळल्यावर जो उजेड पडला तो घेऊन मी तडक ठोसर सरांकडे गेलो. वाटलं, आता सर उठतील, प्रयोगशाळेत येतील, वाकून पाहतील. सर म्हणाले, गुलाबरावांना रॉकेलनं रंग काढायला सांगून चालणार नाही, यंत्र डेड स्टॉक रजिस्टरला आहे, रंगाचा खर्चही त्याच्या नावावर टाकलेला आहे. खरवडायचं तर लेखी परवानगी लागेल. तू अर्ज कर.

मी अर्ज केला. विषय, कप्प्यांच्या आसांवरील रंग काढण्याची परवानगी मिळणेबाबत. तो भांडारात गेला. भांडारपालांनी त्यावर लिहिलं, रंग काढल्याने मालमत्तेच्या मूल्यात घट होते किंवा कसे, याबाबत विषय शिक्षकांचा अभिप्राय घ्यावा. विषय शिक्षक म्हणजे ठोसर सर. सरांनी लिहिलं, भांडारपालांनी नियमानुसार निर्णय घ्यावा. भांडारपालांनी तो प्राचार्यांकडे पाठवला, आणि प्राचार्यांच्या लिपिकानं मला बोलावून सांगितलं की विद्यार्थ्यानं असा अर्ज करण्याची पद्धत नाही, शिक्षकांमार्फत कर. मी जिने चढत उतरत होतो आणि मला राहून राहून वाटत होतं की याही व्यवस्थेची कार्यक्षमता मोजता येईल. दिलेलं काम भरपूर होतं. मिळालेलं काम मोजायला ताणकाटा फारच बारीक लागला असता.

खऱ्या ताणकाट्याची गोष्ट वेगळी. त्या शनिवारी गुलाबरावांनी कपाटातून एक ताणकाटा, म्हणजे किती किलोचा ओढा पडतो ते दाखवणारा स्प्रिंगचा काटा, काढून मला दिला आणि म्हणाले, सोमवारी आणून दे, घरची इहीर मोजून पाय. मी तो पिशवीत घालून अकोल्याला गेलो. रविवारी सकाळी आई पाणी शेंदत होती तेव्हा मी तिच्याकडून दोर घेतला, भरलेली बादली आधी तोलली, दहा किलो, आणि मग दोराला ताणकाटा अडकवून हळूहळू ओढू लागलो. काटा साडेबारावर स्थिर राहिला. इथे कप्पी एकच, त्यामुळे दोर ओढावा तेवढीच बादली चढते. दहा भागिले साडेबारा, ऐंशी टक्के. आमच्या विहिरीवरचं ते गंजकं, करकरणारं चाक, ज्याला आई आठ-पंधरा दिवसांनी बैलगाडीच्या डब्यातलं वंगण बोटानं लावायची, ते सरकारी यंत्रापेक्षा तीस टक्क्यांनी हुशार होतं.

मी हे आनंदानं आईला सांगितलं. तिनं विचारलं, मंग बाकीचे ईस कुठं जाते? मी म्हणालो, घासण्यात जातात, आवाजात जातात. ती म्हणाली, "अन् माया खांद्यात?" मी तिला समजावू लागलो की खांद्यात जातं ते या हिशेबात धरत नाहीत. तिनं दोर माझ्या हातून परत घेतला.

दुपारी रोडग्यांवर तूप घालून बसलो असताना मी बाबांना सगळी हकिकत सांगितली. मला खात्री होती की बाबा माझ्या बाजूचे. बाजारात ज्याच्या तराजूवर कुणी बोट ठेवलं नव्हतं असा तो माणूस. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, वांग्याचा रस्सा संपवला, आणि विचारलं, सही कोन करते? मी म्हणालो, ठोसर सर. "मंग त्याले पायजे ते लिही अन् मोकळा हो," बाबा म्हणाले. "यंत्र त्याचं, वही त्याची. तुया बापाचं काय जाते?" मी म्हणालो, बाबा, तुम्ही खोटं माप देता का? ते म्हणाले, "मी गिऱ्हाइकाले माल देतो. तू त्याले काय देऊन राहिला? आकडाच ना." मी चिडून ताट सरकवलं. आईनं त्यात आणखी एक रोडगा ठेवला. आमच्या घरात वाद संपल्याची तीच खूण होती.

परत आलो तेव्हा सबमिशनला चार दिवस उरले होते. मी तोंड पाडून जिना चढताना नागोरावांनी हाक मारली. सगळं ऐकून (दोरी सुताची आहे हे कळल्यावर नाक मुरडून) त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील पोथी उतरवत तेव्हा जुन्या प्रतीत एकाच प्रसंगाच्या दोघांच्या दोन आठवणी असल्या, तर दोन्ही लिहीत. एकाचं असं, दुसऱ्याचं असं. आपल्याला कोणतं पटतं हे उतरवणाऱ्यानं ठरवायचं नाही. "आमच्या पोथीत दोन चालते," नागोराव म्हणाले, "अन् तुमच्या कॉलेजात एकच काहून?"

मला ते एकदम पटलं. मी रात्रीपर्यंत वाट न पाहता तिथेच ओट्यावर बसून नवीन पान तयार केलं. डावीकडे, परंपरेनं चालत आलेलं वाचन, तीन पूर्णांक दोन किलो, अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक. उजवीकडे, प्रत्यक्ष घेतलेलं वाचन, पाच किलो, पन्नास. खाली फरकाचं कारण, आसांवरील रंग. आजही मला वाटतं की माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या तांत्रिक मजकुरात इतकं सचोटीचं पान दुसरं नाही. ठोसर सरांनी ते वाचलं, परंपरेनं या शब्दाखाली रेघ मारली, आणि पानावर तिरपी फुली मारून जर्नल परत केलं. म्हणाले, "शुक्रवारी पाच वाजता मी सह्या बंद करणार. पुढे तुझी मर्जी."

शुक्रवारी पावणेपाचला मी अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक लिहिलं. हे मी सजवून सांगत नाही. व्हरांड्यात उभं राहून, भिंतीला वही टेकवून, एका मित्राच्या जर्नलातून उतरवलं. तीन पूर्णांक दोन, तीनशे वीस, अडीचशे भागिले तीनशे वीस. अक्षर चांगलं आलं नाही. सरांनी न वाचता सही केली. सहावा प्रयोगही त्याच वेळी पुढे केला, त्यावरही केली. दारात गुलाबराव कुलूप घेऊन उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, आणि त्यांच्या न विचारण्याचा मला इतका संताप आला की मी जिन्यावरून उतरताना कठड्याला लाथ मारली. कठडाही हिरवा होता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक अकोल्याहून आले होते. किरकोळ अंगाचे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि खिशात स्वतःची स्टीलची पट्टी. पंचवीस गुणांची परीक्षा, पास व्हायला दहा. आमच्याकडे तोंडी परीक्षा म्हणजे दोन व्याख्या आणि एक सूत्र, पण हे गृहस्थ मुलांना यंत्रापुढे उभं करत होते. बाहेर बसलेल्यांत कुजबुज पसरली. माझी पाळी आली. त्यांनी माझं जर्नल चाळलं, कप्प्यांच्या पानावर थांबले आणि म्हणाले, करून दाखव.

मी दहा किलो टांगले. ठोसर सर परीक्षकांच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे होते. मी तीन पूर्णांक दोन टाकले. वजन हललं नाही. परीक्षक म्हणाले, टाक आणखी. पाच किलोला ते चढू लागलं. परीक्षकांनी खिशातली पट्टी काढून चढ स्वतः मोजला.

"किती आली?"

"पन्नास टक्के, सर."

"अन् वहीत?"

"अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक."

"यातलं खरं कोणतं?"

माझं वाचन चुकलं असेल, सर, एवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. माझ्या आधीच्या मुलानं दुसऱ्या यंत्रावर तेच म्हटलं होतं आणि त्याला पुढे अठरा मिळाले. वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. पण तीन दुपारी, एक अर्ज, चार जिने आणि एक फुली खाल्लेलं पान इतकं सगळं त्या पन्नासवर खर्च झालं होतं, की ते मला सोडवेना. त्याला सचोटी म्हणू नये. चिकूपणा म्हणावा.

"हे खरं," मी यंत्राकडे बोट दाखवून म्हणालो.

"मग वहीत ते काहून लिहिलं?"

"सही पाहिजे होती, सर."

ठोसर सर खिडकीबाहेर पाहू लागले. परीक्षकांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, कामात सांग. मी सांगितलं, पाचशे दिले, अडीचशे मिळाले. ते म्हणाले, "उरलेलं अर्धं कुठं गेलं?"

"हिरव्या रंगात, सर."

ते वाकले. नखानं आसावरचा रंग थोडा उचकटून पाहिला. नंतर बराच वेळ लिहीत होते. माझ्या जर्नलातला अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक त्यांनी लाल शाईनं खोडला, शेजारी पन्नास लिहिले, खाली फरकाचं कारण, आसांवरील रंग, असं लिहून सही केली, तारीख घातली. मला दहा गुण दिले. बरोबर दहा. खरं बोलल्याचे किती आणि खोटं लिहिल्याबद्दल कापले किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. नऊ दिले असते तर मी आज हे मळ्यात बसून लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं. बाबांना पास झाल्याचं कळवलं तेव्हा त्यांनी किती गुण ते विचारलं नाही. त्यांच्या लेखी पास हा एकच गुण होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या अर्जाला उत्तर आलं. रंग काढण्यास हरकत नसावी. परीक्षकांनी अहवालात काही लिहिलं असेल, किंवा अर्ज फिरून फिरून दमला असेल. दुसऱ्या वर्षी एका दुपारी गुलाबरावांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी चारी आस काढून रॉकेलनं धुतले होते, तेल घातलं होतं, आणि चाकं बोटानं टिचकी मारली तरी गरगरत होती. आम्ही दोघांनी दहा किलो टांगले. सव्वातीन किलोला वजन अलगद वर आलं. सत्त्याहत्तर टक्के. जुन्या आकड्याच्या इतकं जवळ, की ज्या अनोळखी माणसानं तो पहिल्यांदा काढला त्याचा हात माझ्या हाताला लागल्यासारखं झालं. गुलाबरावांनी विडी काढली, प्रयोगशाळेत ओढायची नसते हे आठवून कानावर ठेवली, आणि आम्ही पुन्हा एकदा वजन चढवलं, उगाच.

पंधरा दिवसांनी ठोसर सरांच्या टेबलावर नव्या पहिल्या वर्षाची जर्नलं होती. मी कशासाठी तरी तिथे गेलो होतो. वरचं जर्नल उघडंच होतं. दहा किलो वजन, पाच किलो जोर, कार्यक्षमता पन्नास टक्के. खालचं पाहिलं. पन्नास. त्याच्या खालचं, पन्नास. फरकाचं कारण, आसांवरील रंग, हेही सगळ्यांनी लिहिलं होतं. प्रत्येक पानाखाली सरांची सही होती. मी सरांना म्हणालो, सर, रंग तर निघाला. ते म्हणाले, एक्स्टर्नलनी मान्य केलेला आकडा आहे तो, आता मी त्यात कसा हात घालू.

बाहेर व्हरांड्यात विलास भेटला. पहिल्या वर्षाचा, परतवाड्याकडचा, हुशार पोट्टा. माझं जर्नल फिरत फिरत त्याच्याकडे पोहोचलं होतं आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडे गेलं होतं. मी त्याच्यावर ओरडलोच. म्हणालो, यंत्र आता स्वच्छ आहे, सत्त्याहत्तर येतात, मी स्वतः पाहिलेत. त्यानं आदरानं ऐकून घेतलं. म्हणाला, "पन तुमच्या जर्नलवर लाल सही हाये ना, दादा. तसं दुसऱ्या कोनाचंच नाई."

मी त्याला दंडाला धरून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत नेलं. आत ती चौकट उभी होती, आस चकचकीत, दोरी सैल सोडलेली. म्हणालो, एकदा ओढून तर बघ, पाच मिनिटं लागतात. विलासनं यंत्राकडे पाहिलं, मग हातातल्या सही झालेल्या जर्नलाकडे, मग माझ्याकडे.

"ओढली अन् दुसरंच काई आलं त, दादा?" त्यानं विचारलं. "मंग कोन निस्तरन?"